पहिल्या परिच्छेदाशी अडलेली दिल्ली

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरातल्या त्या कपड्यांच्या खुर्चीसारखं असतं ते. रोज एकेक टाकत जायचं आणि एक दिवस खुर्चीच दिसेनाशी होते! माझी खुर्ची म्हणजे करोल बागेतला आमचा रविवारचा मराठी वर्ग.

देशपांडे सर, शेख मॅडम आणि मी असे आम्ही तिघं शिकवायचो. मोठ्या मुलांना रसग्रहण असायचं. म्हणजे कविता किंवा कथा वाचायची आणि तिच्यात काय आहे, ते आपल्याला का भिडलं, हे आपल्या शब्दांत मांडायचं. मुलं मधलं बरं लिहायची. शेवट तर झकासच, सुटल्याचा आनंद ना! घोडं अडायचं ते पहिल्या परिच्छेदापाशी.

सर म्हणायचे, "पाहुण्याला दारातच कळलं पाहिजे, आत जेवण आहे की नुसता चहा!"

नोएडाचा निखिल प्रत्येक पाहुण्याला एकच पदार्थ वाढायचा. 'मनुष्य हा समाजप्रिय प्राणी आहे.' कविता बैलाची असो की चंद्राची, पहिलं वाक्य हेच. एकदा गावातल्या जुन्या विहिरीवरची कविता दिली होती. निखिलचा लेख उघडला, तर मनुष्य हजर!

सर वैतागले. "अरे, अख्खी कविता विहिरीवर आहे. इथे मनुष्य कशाला आला?"

"पाणी भरायला, सर!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते वाक्य तसंच राहू दिलं.

दिल्लीत वाढलेल्या मुलांची मराठी घराच्या दारापर्यंत. जिना उतरला की हिंदी. मग दोन्हीची खिचडी थेट कागदावर उतरते. आमच्या मृण्मयीने एका हळव्या कवितेवर लिहिलं, 'या कवितेत कवयित्रीने आईचे दुःख मांडण्याची चेष्टा केली आहे.' बिचारीला म्हणायचं होतं 'प्रयत्न'! पण पुढचं वाक्य त्याहून भारी. 'या लेखात मीसुद्धा तशीच चेष्टा करणार आहे.'

शेख मॅडमनी खाली लाल पेनने लिहिलं, "दोघींनाही शोभत नाही!"

आर. के. पुरमच्या केतनचा लेख आला, तेव्हा मात्र आम्ही तिघंही डोकं एकत्र करून वाचत बसलो. सुरुवात अशी होती: 'उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, सदर कवितेतील नायिका प्रियकराची वाट पाहत असल्याचे निदर्शनास आले आहे. तथापि, प्रियकर अद्याप अप्राप्त आहे.'

केतनचे बाबा केंद्र सरकारात अधिकारी. लेख कुणाच्या हातचा आहे, हे वेगळं सांगायला नको! सरांनीही खाली शेरा मारला, "पाहिले. प्रियकरास स्मरणपत्र पाठवावे."

पुढच्या रविवारी बाबा स्वतः वर्गात आले. मला वाटलं, आता वाजणार! पण गृहस्थ सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, ड्राफ्ट माझाच होता. काय करू, ऑफिसात सगळं हिंदी नाहीतर इंग्लिश. मराठीत लिहायचा चान्सच मिळत नाही हो! आयुष्यभर शेरे वाचत आलो, पण शेरा वाचून खो खो हसलो तो पहिल्यांदाच. बरं, पुढची कविता कुठली?"

मागून केतन ओरडला, "बाबा, बस ना यार! आता मला लिहू दे!"

आणि लिहिलं बरं का त्याने. प्रियकर भेटला नाही, पण सुरुवात छान जमली.

शेख मॅडम मूळच्या सोलापूरच्या, आवाज खणखणीत. वर्ग सुटला की आम्ही एकाच ऑटोने घरी जायचो. त्या दिवशी अभ्यासाला एक खुनाची कथा होती आणि मुलं सुरुवातीलाच सगळं गुलदस्त्यात ठेवत होती. मॅडम वाटेत तावातावाने सांगायला लागल्या, "खून केलाय ना, मग पहिल्याच परिच्छेदात कबूल करून टाका! लपवून काय फायदा?"

मी म्हटलं, "आणि साक्षीदार?"

"त्याचं दुसऱ्या परिच्छेदात बघू!"

ऑटो बाजूला थांबली. घर तर अजून लांब होतं. ड्रायव्हर वळून हात जोडून म्हणाला, "मैडम, थाना आ गया. बता दीजिए, मन हल्का हो जाएगा."

आता दातेंच्या घरची गोष्ट. दाते काकू साताऱ्याच्या. दिल्लीत जन्म गेला, पण हिंदीचा एक शब्द तोंडातून काढायच्या नाहीत. "मला येतच नाही," म्हणायच्या. भाजीवाल्याशीही मराठीच. तोच शेवटी 'कोथिंबीर' म्हणायला शिकला! त्यांची सून हरप्रीत, अमृतसरची. हसरी मुलगी, पण घरात गप्प गप्प. काकू आम्हाला हळूच म्हणायच्या, "चांगली आहे हो, पण मनाचा थांगच लागू देत नाही. माझ्यावर रागावलीय की काय, कोण जाणे!"

काकूंच्या नकळत हरप्रीत आमच्या वर्गात यायला लागली. पोरांच्या रांगेत बसून बाराखडी गिरवली, मग वाक्यं, मग कविता. वर्षअखेरच्या कार्यक्रमात आम्ही स्पर्धा ठेवली होती. दिलेल्या कवितेवर रसग्रहणाचा पहिला परिच्छेद लिहायचा आणि स्टेजवर वाचायचा. कविता आमच्यातल्याच एका हौशी कवीची. नवी सून, भरलं घर, सगळे बोलताहेत आणि ती खिडकीशी गप्प उभी.

हरप्रीतचं नाव पुकारलं. पहिल्या रांगेतल्या काकूंनी चमकून वर बघितलं. स्टेजच्या पायरीशी हरप्रीत मला म्हणाली, "ताई, नाव मागे घेऊ?"

"अगं, आधी वाच तर!"

ती वर गेली. एकेक शब्द सांभाळून, जपून वाचायला लागली.

"या कवितेतली सून बोलत नाही. कवी म्हणतो, ती दुःखी आहे. सासू म्हणते, ती रागावली आहे. मला दोघांचंही पटत नाही." तिने पहिल्या रांगेकडे बघितलं. "मला वाटतं, तिला अजून मराठी येत नसेल."

मी टाळी वाजवायला हात उचलले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दाते काकू उठल्या, पदर खोचला आणि भरल्या आवाजात ओरडल्या,

"तो बताना था ना, बेटा!"