जिनिंगच्या फोनवरची मुलाखत

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका मोठ्या संगणक कंपनीने उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी आमच्या कॉलेजातून माझं एकटीचं नाव पहिल्या फेरीत काढलं. दुसरी फेरी फोनवर होती, डिसेंबरच्या सुट्टीत. घरी फोन नव्हता. पांढरकवड्याजवळ सरकी काढायच्या ज्या जिनिंग कारखान्यात बाबा कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते, तिथल्या ऑफिसचा नंबर मी दिला. हे चुकलंच. त्याच फोनवर दुपारी कापसाचा भाव येई, आणि ती वर्षं अशी होती की भाव ऐकल्याशिवाय कुणी बैलबंडीतून कापूस उतरवत नसे.

तीन वाजता घंटी वाजली तेव्हा दारात सहा-सात शेतकरी उभे होते. मी रिसीव्हर उचलताच ते आत सरकले. मी इंग्रजीत बोलत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाढला का व?" एकाने विचारलं. मी त्याला गप्प राहायची खूण केली.

"नाई म्हन्ते," त्याने मागच्यांना सांगितलं.

पहिले दोन प्रश्न मला आले. तिसरा असा: एक प्रचंड फाइल आहे, तिच्यातल्या काही नोंदी खराब आहेत. सगळी न वाचता ती किती खराब आहे हे कसं सांगशील? पुस्तकातलं काही आठवेना. खिडकीबाहेर बाबा एका बंडीत कोपरापर्यंत हात घालत होते. मी तेच सांगितलं. वर सगळेच चांगला कापूस ठेवतात, म्हणून मुठी आतून काढायच्या, तीन जागांहून. त्यांत किडका किती निघतो त्यावर बंडीची प्रत ठरते.

"छान. पण तीनच का?" फोनवरच्या माणसाने विचारलं.

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि खिडकीतून ओरडले, "बाबा, तीनच मुठी कायले घेता?"

"तिसऱ्या मुठीले मी कापूस पाह्यतच नाई. ज्याचा कापूस त्याचं तोंड पाह्यतो."

"म्हनूनच मी पाठ करून उभा राह्यतो," बंडीवाला म्हणाला. सगळे हसले.

"शेजारी कुणी आहे का?" फोनवरून प्रश्न आला.

"वडील आहेत."

"उत्तर त्यांना विचारलं?"

"हो."

मग त्याने आभार मानून फोन ठेवला.

"काय भाव सांगतला?"

"भाव नाई काका, माही परीक्षा होती."

"फोनवर? अन् बापाले विचारून? आमच्या टायमाले अशी सोय नव्हती."

आठ दिवसांनी कळलं, निवड झाली नाही. बाबा म्हणाले, "वरवरचं पाहून गेला तो. आत हातच नाई घातला."

मला ते पटलं नाही. त्याने कोपरापर्यंत हात घातला होता. तीनच का हे मला माहीत नव्हतं, आणि नेमकं तेच त्याच्या हाती लागलं.

उन्हाळा घरीच गेला. लायब्ररीतून संख्याशास्त्राचं पुस्तक आणून मी गणित मांडलं. तीन मुठी कमी पडतात. बंडी लहान की मोठी याने फारसं बिघडत नाही, आत कापूस किती कमी-जास्त प्रतीचा आहे याने बिघडतं. बाबांनी चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला.

"बरोबर आहे. पन याच्यात तोंडाचं कुठी लिवलं?"

हंगाम सुरू झाल्यावर ते तीनच मुठी घेत राहिले. त्या डिसेंबरात मला दुसऱ्या कंपनीची मुलाखत आली. या वेळी मी यवतमाळच्या कॉलेज हॉस्टेलचा नंबर दिला आणि फोनच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावली.