हुक कुठल्या बाजूला

सावंत सरांचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. महाडला सलीमभाईंच्या रंगाच्या दुकानात आम्ही दोघं चहाला बसलो की एखादा निघतो, मग त्याच्या मागून दुसरा. सर पोलादपूरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि घरी प्लायवूडवर अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्रं काढायचे. अख्ख्या तालुक्यात हा उद्योग करणारे ते एकटेच!

*

नव्वद-ब्याण्णवची गोष्ट असेल. तपासणीला आलेल्या साहेबांनी शाळेतलं त्यांचं चित्र बघून विचारलं, "हे काय काढलंय?"

"हिरवा," सर म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या वर्गात गेले.

*

सर चित्र जमिनीवर ठेवून, भोवती फिरत रंगवायचे. त्यामुळे वरची बाजू कुठली, हे त्यांचं त्यांनाच माहीत नसायचं. रंग वाळला की सरांची बायको, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत यायच्या, एक फेरी मारायच्या आणि मागे एका बाजूला हुक ठोकायच्या. ती वरची बाजू. सरांनी कधी वाद घातला नाही.

*

एकदा ओल्या चित्रावरून घरची कोंबडी चालत गेली. सलीमभाई नेमके तिथं होते. "राहू द्या सर, क्या बात है, मस्त नक्षी आलीय."

सरांनी दुपारभर बसून पावलं बुजवली. तीन तेवढी ठेवली.

"ही का ठेवलीत?"

"बुजवली ती कोंबडीची. ही तीन माझी."

*

महाडला एकदा प्रदर्शन भरवलं. बघायला आम्हीच. मांडववाल्याने हुक सोडून एक चित्र सुतळीने उलटं टांगलेलं. काकू दारातूनच म्हणाल्या, "उलटं लावलंस रे. तांबडा खाली पडंल ना."

मांडववाला हसला, आम्हीही हसलो. सर हसले नाहीत. स्टूल घेऊन चढले.

*

पुढे काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. आम्ही जायचो, पण त्या घरात बसवत नसे. चार शब्द बोलून उठायचो. सरही थांबवायचे नाहीत.

मागे एकदा आंबेनळी घाटाकडे निघालो होतो, वाटेत सरांकडे डोकावलो. भिंतीवर नवं चित्र होतं. सलीमभाईंनी ते सहज उतरवून मागे बघितलं. चारही बाजूंना हुक!

"हे काय, सर?"

"रोज फिरवून लावतो."

"मग? वरची बाजू कुठली?"

सरांनी चित्र हातात घेतलं, एक बाजू फिरवून परत भिंतीवर लावलं. मग दोन पावलं मागे सरले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभे राहिले.