तिसरा चेहरा

कॅनव्हासच्या त्या पट्टीची आठवण झाली की निवृत्तीनंतर आजही माझ्या तळहाताला घाम सुटतो.

भंडाऱ्यात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात फोटो छापणारा एक दुकानदार आला. त्याने वीतभर पट्टी टेबलावर ठेवली. तिच्यावर एकाच म्हातारीचा चेहरा तीनदा छापलेला: एक हिरवट, एक काळपट आणि एक अगदी जिवंत.

"साहेब, कॅनव्हास शाई पिते. कागदाचं प्रोफाइल, म्हंजे रंगाचं माप, लावलं का चेहरा हिरवा येते, म्हणून आधी नमुना काढतो. गिऱ्हाइकानं तिसरा पसंत केला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकाले सांगतलं. मेल्याची तारीख विचारली तं म्हणे, जागा सोड, आठवड्याभरात सांगतो. मले भेव लागून राहिला."

भीती मलाही वाटली. गुन्हा घडल्याचं कुठे दिसत नव्हतं, पण थांबलो असतो तर ती तारीख भरली गेली असती. स्टेशन डायरीत नोंद केली आणि महिला अंमलदाराला घेऊन ऑर्डरवरच्या पत्त्यावर, आंधळगावला निघालो. वाटभर ड्रायव्हरवर उगाच खेकसत होतो.

म्हातारी खाटेवर पडलेली. पंधरा दिवस उलट्या. तिचा भाचा तिला आंबील भरवत होता; फोटोची ऑर्डर त्याच्याच नावावर होती. मी वाटी हातातून काढून घेतली, पंचनामा करून सीलबंद केली आणि तिला दवाखान्यात हलवलं.

चौकशीत भाचा शांत होता. "मावशीनंच फोटो काढाले सांगतला." शेत मावशीच्या नावावर, मूलबाळ नाही, वारस हाच. मी आवाज चढवला नाही. निर्धास्त माणसाला स्वतःच्या कामाचं कौतुक आवडतं. पट्टी पुढे सरकवली.

"रंग मस्त साधलाय. एवढ्या आधीपासून तयारी?"

तो खुलला. "माह्या बाबाच्या तेरवीले फोटो घाईत छापला होता, साहेब. चेहरा हिरवा आला, सारं गाव हासलं. म्हणून ह्या टायमाले आधीच..."

आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आलं. मग तो रडायला लागला आणि त्याने सगळं सांगितलं. तपासणीत आंबिलीत कीटकनाशक निघालं.

चोर-दरोडेखोरांची मला कधी धास्ती वाटली नाही. पण इतक्या निगुतीने तयारी करणारा माणूस पाहिला आणि तेव्हापासून मी प्रेमळ हातांकडेही नीट बघायला शिकलो. हे शिकल्याचं मला वाईटच वाटतं.

म्हातारी वाचली. जबाब घ्यायला गेलो तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

"त्याले सोडा ना, साहेब. मले आंबील कोण भरवन?"

वाटीत काय होतं हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ते काम माझं होतं. एवढी भीती मला कुठल्याच छाप्यात वाटली नव्हती.