डाव्या बाजूचे हात

इथले अनुभव मी आजवर नुसते वाचत आलेय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसायला म्हणून. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की लोक वळसा घालून जातात, मी ते लाथाडून जाते. घरात त्यावरून भरपूर बोलणी खाल्ली आहेत. अशा बाईवर इथे लिहायची वेळ यावी... असो. नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसंच सांगतेय.

माझं सासर धरणगाव, माहेर धुळे. आमच्या ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मला स्वतःचं काहीतरी करायचं होतं, म्हणून धुळ्याला देवपुरातल्या एका पंचकर्म केंद्रात मसाज थेरपिस्टचा कोर्स लावला. आठवडाभर भावाकडे राहायचं आणि शनिवारी एसटीने घरी. ह्यांची काही हरकत नव्हती. हरकत होती ती सासूबाईंची. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीसुद्धा. पाटलाच्या घरातली सून लोकांची अंगं चोळणार, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. जळगावच्या एका केंद्राने कोर्स झाला की नोकरी देतो म्हणून सांगितलं होतं. पण अक्कांनी स्पष्ट बजावलं होतं, की आधी मी स्वतः येऊन बघेन तुम्ही काय करता ते, मग ठरवेन. आमच्या घरात त्यांनी ठरवलं की ठरलं. त्यामुळे माझं सगळं त्या एका बघण्यावर अडून बसलं होतं.

गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या बायकांबरोबर अक्का बसने दक्षिणेची यात्रा करून आल्या. परतताना बस धुळ्यावरूनच जात होती, म्हणून हायवेला उतरून भावाकडे मुक्कामाला आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना केंद्रात घेऊन गेले. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी नेहमीचे प्रश्न विचारले – बीपी, शुगर, कुठे दुखतं का. अक्का म्हणाल्या, गुडघे जरा कुरकुरतात, बाकी काही नाही.

आता आमची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पेशंटला लाकडी पलंगावर झोपवतात आणि डोळ्यांवर गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस ठेवतात. पलंगाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, एकाच गतीने तेल लावत जातात. बोलायचं नाही. मॅडम आम्हाला सरावाला डोळे मिटायला लावायच्या. समोरचीचे हात बघायचे नाहीत, ते पेशंटच्या अंगातून कळले पाहिजेत. आणि कळतात हो! तिकडून ओढ बसली की इकडे हाताखाली जाणवते. एक नियम मात्र पक्का, समोरचीचा हात थांबला की आपलाही थांबला पाहिजे.

त्या दिवशी उजवीकडे मी होते आणि डावीकडे वैशाली, माझ्याच बॅचची, पहूरची. मॅडम बाहेर ऑफिसात होत्या. तिळाचं तेल कोमट करून घेतलं. अक्कांना हात लावताना माझं काळीज इतकं धडधडत होतं की डोळे मिटले तेच बरं वाटलं. डोकं झालं, खांदे झाले, हात झाले. हळूहळू लय बसली. खरं तर इतकी छान लय वैशालीबरोबर कधीच लागली नव्हती. ती एरवी घाईची. आज समोरचे हात संथ होते, जड होते. मनात म्हटलं, माझ्या सासूसाठी बिचारी किती जीव लावून करतेय.

मग आम्ही पायांवर आलो. मांडीवरून खाली गुडघ्यापर्यंत, गुडघ्याभोवती गोल, आणि तिथून पोटरी. गुडघ्यावर समोरचे हात थांबले.

मीही थांबले. वाट पाहिली. पण ते हात उचललेही जाईनात आणि पुढेही सरकेनात. नुसता दाब जाणवत होता, अक्कांचा पाय कुणी धरून ठेवल्यासारखा. शेवटी मी डोळे उघडले.

समोर कुणीच नव्हतं. दार बंद होतं.

तेवढ्यात अक्का बोलल्या. डोळ्यांवर कापूस तसाच होता.

"रूपाली, ती का बरं थांबी गयी? तिले सांग, तठेच जोरमा दाब. यात्रामातून उनू तशी ती पोटरी दुखी ऱ्हायनी."

यात्रेहून आल्यापासून पोटरी दुखत होती, पण चार लोकांसमोर दुखणं काय सांगायचं, म्हणून त्या मॅडमजवळ बोलल्या नव्हत्या. मला एकच कळलं, अक्का पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागताहेत. वैशाली कुठे गेली ते नंतर बघू म्हणून हाताला तेल घेतलं आणि मी डाव्या बाजूला आले. आणि... हे कसं लिहू? मला तिथे उभं राहता येईना. एसटीत सीटजवळ कुणी उभं असलं की आपण ते सरकायची वाट बघतो ना, तशी मी वाट बघत उभी राहिले. कुणासाठी, ते मलाच कळत नव्हतं. अखेर पायथ्याकडूनच हात लांब करून पोटरीला बोटांची मागची बाजू लावली.

पोटरी भाजत होती. कातडी ताणलेली, चकाकणारी. दुसऱ्या पायापेक्षा चांगलीच सुजलेली.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं, लांबचा बसून प्रवास झालाय आणि एकच पोटरी सुजून गरम झालीये, तर तिला हात लावायचा नाही. मी ओरडून मॅडमना बोलावलं. रिक्षा करून आम्ही अक्कांना दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जोर लावून चोळलं असतं तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. अक्कांना रात्रभर तिथेच ठेवून घेतलं. सासूला खूश करायला मी जोर लावलाच असता, यात मला जराही शंका नाही.

संध्याकाळी वैशाली दवाखान्यात आली, रडवेली. तिच्या घरून फोन आला होता. बोलायचं नसतं म्हणून हाताने खूण करून ती बाहेर गेली. माझे डोळे मिटलेले, ते तिच्या लक्षातच आलं नाही. मी विचारलं, कुठपर्यंत केलं होतंस? ती म्हणाली, "हातापर्यंतच झालं होतं गं. पायाला मी लागलेच नाही." पण रिक्षात बसवायच्या आधी अक्कांचं अंग मीच पुसलं होतं. डावी मांडी गुडघ्यापर्यंत तेलाने माखलेली होती. गुडघ्याखाली मात्र एक थेंब नव्हता.

वैशालीला आणि मॅडमना मी हे सांगितलं. मॅडम म्हणाल्या, घाबरलेली होतीस, दोन्हीकडचं तूच केलं असशील. पलंग रुंद, माझा हात तिकडे पोचत नाही.

अक्का गोळ्या-इंजेक्शनांवर बऱ्या होऊन धरणगावला आल्या. जळगावच्या नोकरीला त्यांनी स्वतःहून होकार दिला. वर शेजारणींना सांगत सुटल्या, की मनी सूनना हातमा विद्या शे. माझ्या हातांचं एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. मग एक दिवस त्यांनी कपाटातून नवी साडी काढली. म्हणाल्या, ही त्या दुसरीला नेऊन दे, तिचे हात तुझ्यापेक्षा गरम होते. खोटं बोलून साडी न्यावीशी वाटेना. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. वैशाली गेली होती, समोर कुणी नव्हतं.

अक्कांनी साडी पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाल्या,

"मंग दवाखानामा रातभर मना पाय धरीसन कोन बठेल व्हतं?"

त्या रात्री दवाखान्यात त्यांच्याजवळ मी एकटी होते, उशाशी स्टुलावर; पाय धरून मी बसले नव्हते. पलंगाची डावी बाजू भिंतीला टेकलेली होती. तिथे कुणाला बसायला जागाच नव्हती.

मी हे अक्कांना सांगितलेलं नाही. कुणी समजावून सांगू शकत असेल तर सांगा.