गळ्यातलं आणि नाल्यातलं

आमच्या खात्याचं काम सांगायला सोपं आहे. देशाच्या नकाशावर चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनातल्या नाल्यातला थोडा गाळ आणायचा आणि त्यात तांबं किती, जस्त किती, सोनं आहे की नाही ते तपासायचं. माहेरी हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले होते, "म्हणजे सरकार तुला चिखल गोळा करायचा पगार देतं." ते अगदीच चूक नव्हते.

या कामात एक नियम मात्र कडक. गाळ चाळताना अंगावर दागिना नको. नायलॉनच्या चाळणीला अंगठी घासली तरी नमुन्यात सोनं उतरायचं आणि नकाशावर खोटाच ठिपका उमटायचा. म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा फील्डवर गेले तेव्हा अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढून जीपमधल्या डबीत ठेवलं. इथवर ठीक होतं. पण सहकाऱ्यानं माझा फोटो काढला आणि मी शहाणीनं तो सासरच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. चाळणी, गाळ, मागची टेकडी कुणाला दिसलीच नाही. सगळ्यांना दिसला तो मोकळा गळा.

सासूबाई उमरेडच्या विणकर घरातल्या. सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "काहून वं, टेबलावरचं काम नाही का तुमच्या हापिसात?" पुढं घरी गेले की हा प्रश्न पोळीबरोबर वाढला जाऊ लागला. नवऱ्यानं "तुमचं तुम्ही बघा" म्हणून अंग काढून घेतलं. मला टेबल नको होतं. नाले सोडायच्या विचारानंच जीव गुदमरायचा. पण रोजच्या कटकटीला कंटाळून मी बदलीचा अर्ज करायच्या बेतात आले होते.

अशात रामटेकच्या दर्शनाचं निमित्त काढून सासूबाई लेकाला घेऊन थेट आमच्या नाल्यावर आल्या. मी गुडघाभर पाण्यात. त्या काठावरच्या दगडावर बसल्या आणि तपासणीला आलेल्या साहेबासारख्या बघू लागल्या. नवरा जीपला टेकून संत्री सोलत होता.

कपडे धुणाऱ्या एका बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंजवळ सरकून हळहळत म्हणाली, "सून हाय का मावशी? एवढ्या कमी वयात कसं झालं असं?"

माझी चाळणी थांबली. आता अर्ज लिहावाच लागणार, असं वाटलं.

सासूबाईंनी जीपकडे बोट दाखवलं. "तिचा मालक तो काय, उभा हाय. मघापासून संत्रीच खाऊन राहिला. त्याले काही झालं नाही."

"मंग गळ्यातलं?"

"कामासाठी काढते. सोनं मातीत उतरते, मंग नकाशा चुकते."

हे मी त्यांना कितीदा तरी समजावलं होतं. त्यांनी ऐकलं असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

बाई गेल्यावर मी काठावर आले. सासूबाईंनी जीपमधली डबी आणून मांडीवर घेतली होती.

"माहं लोकायनं काढलं होतं," त्या डबीकडे बघत म्हणाल्या. "मले कोनं विचारलं नाही. तू आपल्या हातानं काढते, आपल्या हातानं घालते. समजते मले. पन त्या फोटूत तुहा गळा पाहिला अन् मले माहा तो दिवस आठोला."

मला रडूच आलं. इतके दिवस मी त्यांना जुन्या वळणाची हट्टी बाई समजत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

"आई, तुम्हीच घालून द्या."

"मी? त्याले सांग."

"त्यांचे हात संत्र्यानं चिकट झालेत. माझे गाळानं भरलेत."

विधवेनं सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र घालायचं नसतं, हे त्या आजवर पाळत आल्या होत्या. आमच्या लग्नातही मागं उभ्या होत्या. मागं डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग मानेला त्यांची बोटं लागली. हुक दुसऱ्या खेपेला बसला.

पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "उद्या कोनत्या नाल्यावर जायचं हाय?"