तात्यांचा लाल बावटा

“थांबली! थांबली! तात्या आलं रं!”

सगळा मांडव एका आवाजात ओरडत होता. पुढच्या बायकांनी हात जोडले, मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि मी — एका हातात माईक, दुसऱ्या हातात रिमोट — घसा फोडून सांगत होतो, “भक्तहो, तात्यांनी लाल बावटा दाखवलाय! नमस्कार करा, त्याबिगर गाडी सुटायची न्हाय!”

तुम्ही म्हणाल, आला आणखी एक भूत बघितलेला. जरा थांबा. भूतखेत, करणी, भानामती... माझा काडीचा विश्वास नाही. असणार कसा? आमच्या पेठेतली निम्मी भुतं मीच जन्माला घातलीत. थापा मारण्यात माझा हात धरणारा पंचगंगेच्या अलीकडं तरी कुणी नाही. म्हणून तर हे लिहायला हात धजत नव्हता.

गेल्या गणपतीतली गोष्ट. कोल्हापूर, मंगळवार पेठ, आमच्या तरुण मंडळाचा पत्र्याचा मांडव. (मंडळातला सगळ्यात तरुण माणूस पन्नाशीला टेकलाय, ते सोडा.) देखावा होता कोल्हापूर ते कोकण रेल्वेचा. खरी गाडी कोल्हापुरात येऊन संपते, पुढं रूळच नाहीत. म्हटलं, सरकारच्या आधी आपण नेऊ! मी कागलच्या एमआयडीसीत मशिनं दुरुस्त करतो, त्यामुळं इंजिन माझ्याकडं. डोंगर आणि बोगदा माझा दोस्त दिल्यानं उभा केला.

इंजिन हातभर लांब, पोटात बॅटरी. रिमोटवर वेगाचं चाक — फिरवून सोडलं तरी तिथंच राहतं — आणि थांबवायला लाल बटण. इंजिनाच्या कपाळावर दिवा. सिग्नल तुटला की इंजिन आपोआप थांबतं आणि दिवा लुकलुकतो. एवढं ध्यानात ठेवा.

पहिल्याच संध्याकाळी, अर्धा जिल्हा मांडवात लोटलेला असताना, गाडी बोगद्याच्या तोंडाशी वळणावर थांबली. दिवा लुकलुक लुकलुक. पब्लिक हसायला लागली. “ओ पावणं, धक्का मारा की!”

त्या वळणापाशी एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती. तात्यांची. तात्या रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे, गाड्यांना बावटा दाखवायचे. रिटायर झाल्यापासून दरवर्षी दुपारची मांडवाची राखण त्यांचीच, त्याच खुर्चीत बसून. उन्हाळ्यात वारले. खुर्ची हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

माझी नजर खुर्चीवर गेली आणि जीभ सुटली. “तात्यांनी गाडी अडवलीय! नमस्कार करा!” मीही हात जोडून दोन पावलं पुढं झालो. हातातला रिमोट बोगद्याजवळ गेला, सिग्नल जुळला आणि गाडी सुटली. काय सांगू तुम्हाला, पत्रे उडतील असा जयजयकार झाला!

खरं कारण सापडेपर्यंत मात्र माझा घाम निघाला. बॅटरी बदलली. इंजिनातल्या रिसीव्हरच्या वायरीला नव्यानं डाग दिला. मोटरची ठिणगी सिग्नल खातीय म्हणून तिला कपॅसिटर लावला. शेजारच्या चार घरांचे वायफाय बंद करायला लावले, त्या घरांतल्या सुना अजून माझ्याशी बोलत नाहीत. शेवटी बोगद्यात डोकं घातलं तर आत प्लास्टरखाली कोंबड्यांच्या खुराड्याची लोखंडी जाळी!

“दिल्या, गाढवा, जाळीतनं सिग्नल आत कसा जायचा?”

“डोंगर काय पापडाचा करू? जाळीबिगर उभा राहतोय व्हय?”

जाळी कापून काढली, डोंगराला आतनं बांबूचा टेकू दिला. गाडी लोण्यासारखी पळायला लागली.

आणि इथं मी माती खाल्ली. तोवर वारणानगरपासून नृसिंहवाडीपर्यंत बोभाटा झाला होता. माणसं गाड्या करून तात्यांचा बावटा बघायला येत होती. गाडी थांबली नाही तर हिरमुसणार. मग मीच वळणावर गुपचूप लाल बटण दाबायला लागलो. दिवा लुकलुकायचा नाही, स्थिर राहायचा, पण ते कोण बघतंय? बायका खुर्चीला हळदकुंकू लावायला लागल्या. दिल्या म्हणाला, “पम्या, शालनकाकीला कळलं तर?” मी म्हटलं, “काकी घराबाहेर पडतीय कुठं?”

शालनकाकी म्हणजे तात्यांची बायको. तात्या गेल्यापासून तिनं उंबरा ओलांडलेला कुणी बघितला नव्हता.

हे बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात दिल्या आणि मी दोघंच. पडदा सरकला आणि काकी आत आली. हळदकुंकवानं भरलेल्या खुर्चीकडं बघितलं, पदरानं ती पुसली आणि बसली.

“चालव की,” म्हणाली. “गर्दीत मला नीट दिसत न्हाय. एकटीनं बघते.”

मी रिमोट उचलला. माईकला हात लावायचं धाडस झालं नाही. दिल्या मागून खुणावत होता — दाब, दाब. काकीचे डोळे बोगद्याच्या तोंडावर. तिथं ती कुणाला शोधतेय हे माहीत असताना अंगठा बटणावर ठेवायचा? आणि नाही दाबलं, गाडी तिच्यासमोरून सरळ निघून गेली, तर ती काय समजणार... की तात्या बाकी सगळ्यांसाठी थांबले, माझ्यासाठी नाही?

शरमेनं मेलो. वेगाचं चाक फिरवलं, रिमोट टेबलावर ठेवला आणि हात पाठीमागं बांधून लांब उभा राहिलो. जे होईल ते होईल.

गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आली. वळणावर... काकीच्या पायांसमोर... थांबली.

दिवा स्थिर. लुकलुक नाही. सिग्नल होता. मोटरची गुणगुण ऐकू येत होती, पण चाकं फिरत नव्हती. दिल्या पुटपुटला, “तू दाबलंस?” मी रिकामे हात दाखवले.

काकी वाकून इंजिनाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “जावा आता. गाडीला उशीर व्हतोय.”

गाडी सुटली.

काकी गेल्यावर मी इंजिन उघडलं. बॅटरी भरलेली, वायर घट्ट, गियर साफ, रुळांवर कचरा नाही. त्याच खुर्चीत दिल्याला बसवून दुपारभर फेऱ्या मारल्या. एकदाही थांबली नाही. विसर्जनापर्यंत नाही. कंपनीतल्या इंजिनिअरलाही दाखवलं. तो म्हणाला, गियर अडकला असेल. असेल. मग सुटला कसा, तेही काकी म्हणाल्यावर, ते त्याला सांगता येईना. मलाही येत नाही.

त्याच संध्याकाळी काकीच्या दारात उभा राहिलो. माझी मान वर होत नव्हती. “काकी, चुकलं. तात्या-बित्या काही नव्हतं. रोज मीच बटण दाबत होतो.”

ती परातीत तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

“म्हाईत हाय,” म्हणाली. “काल गर्दीत मागं उभी हुते. तुझा अंगठा दिसला. आज रिमोट टेबलावर हुता.”