ब्रेकच्या डबीत मागाचं तेल

आमच्या टेम्पोची देखभाल मुख्यतः मारून व्हायची. स्टार्टर अडला की हातोडी, दार अडलं की लाथ, आणि एवढं करूनही गाडी चालू झाली नाही की उरलेलं मला. हातोडी, लाथ, थोबाडीत, तिन्ही दाजींच्याच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. टेम्पो त्यांचा, नवागामातली खोली त्यांची, आणि त्या खोलीत दोन वेळा जेवणारा मी त्यांचा शालक. नव्वदीच्या दशकात सुरतेत आमच्याकडच्या निम्म्या लोकांची ओळख अशीच सांगता यायची, त्यामुळे मला त्याची लाज नव्हती.

टेम्पो तीनचाकी, तीन मालक पाहून आलेला. किलोमीटरचा काटा नव्याण्णव हजार ओलांडून दोनदा शून्यावर आला म्हणत, मग त्यानं फिरणंच सोडलं. मागांवरून कोऱ्या कापडाचे ताके उचलायचे आणि पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलला टाकायचे. आठवड्यातून एक वार मागांची लाइट बंद असायची. माल नसल्यामुळे तो वार गाडीचा. ग्रीस भरायचं, ऑइल बघायचं, फिल्टर झटकायचा, ब्रेक आवळायचे.

त्याआधी तीन वर्षं मी मागावर काढली होती. बारा तासांची पाळी आणि असा खडखडाट, की सुट्टीच्या दिवशी बहिणीशीही मी ओरडून बोलायचो. परत तिथं जायचं नव्हतं. म्हणून गावाला लग्नाला निघताना दाजींनी चावी माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी जवळजवळ रडलो.

"पाच दिवस," दाजी म्हणाले. "नीट चालवली तर गाडी तुन्हा हातात. नाही तर माग हायेच. ब्रेकचं तेल कमी व्हयेल शे, मिस्त्रीकडे जाय."

मिस्त्री मराठवाड्याचा, डिंडोलीच्या रस्त्यावर टपरी टाकून बसलेला. हात सोन्याचा आणि तोंड गटारीचं. मला बघितलं की विचारायचा, "काय साळेबुवा, आज दाजींनी कुठं मारलं?" सगळी टपरी हसायची. त्याच्याकडे जाण्यापेक्षा आपणच तेल टाकावं आणि दाजी आल्यावर छाती काढून सांगावं, असं मी ठरवलं.

तेल माझ्याकडे होतंच. ओळखीच्या खात्यातून, म्हणजे मागांच्या शेडमधून, मागाच्या तेलाची बाटली आणली. पाण्यासारखं पातळ, स्वच्छ तेल! ज्या तेलावर बारा-बारा तास माग धावतात, त्यावर एक ब्रेक चालणार नाही? ब्रेकच्या डबीत मी काठोकाठ ओतलं. जुनं उरलेलं तेल मला मळकट दिसलं, म्हणून ते आधी उपसूनही टाकलं. मूर्खपणात मी कधी कंजुषी केली नाही.

दोन दिवस ब्रेक झकास लागले. तिसऱ्या दिवशी ते लागले ते सुटेचनात. चाकं तापून जळका वास यायला लागला. नाइलाजानं मिस्त्रीकडे गेलो.

"तेल कुठलं टाकलंस?"

"तुमच्याकडचंच. दाजींनी टाकलंय."

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, ब्रेक सैल करून दिले आणि म्हणाला, "रिकामी चालव. उद्या खोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी भरून नेली. मिलच्या फाटकासमोरच्या उतारावर पाय दाबला तर पेडल थेट पत्र्याला टेकलं. समोर एक रिक्षा उभी होती. टेम्पो तिच्यात घुसला, ती भिंतीवर चेपली. तिचा चालक बाहेर चहा पीत होता म्हणून वाचला, आणि वाचला म्हणून मला मारायला मोकळा झाला.

"आंधळो छे के?" असं ओरडत त्यानं गरम ग्लास माझ्या तोंडावर फोडला. कॉलर धरून खाली ओढलं. मग कोण कुठल्या भाषेत मारत होतं ते कळेना. चपला, पट्टे, कुणाच्या तरी डब्याचं झाकण. एक दात मी गिळला. वाचवायला कुणी येत नाही म्हटल्यावर मी ओरडलो, "मिस्त्रीनं ब्रेक सैल केले! मिस्त्रीनं!"

तेच दाजींनाही सांगितलं. ते स्टेशनवरून पिशवी घेऊन तसेच आले होते. माझं सुजलेलं तोंड बघून बहीण किंचाळली, आणि दाजींनी पिशवी टाकून चाकाचा पाना उचलला.

टपरीवर मिस्त्री वाकून काहीतरी खोलत होता. दाजींनी विचारलं नाही, सांगितलं नाही. पहिला पाना खांद्यावर बसला. दुसरा त्यानं हात वर करून मनगटावर घेतला, आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. तो खाली पडला. तेव्हा एक लाथ मीही घातली. खोटं खरं वाटावं म्हणून.

"गाडी आणा," मिस्त्री पडल्या पडल्या म्हणाला. "माझ्यासमोर खोला."

चार जणांनी टेम्पो ढकलत आणला. मोडका हात छातीशी धरून, शिव्या देत, डाव्या हातानं त्यानं ब्रेकचा सिलिंडर खोलला. आतलं रबर बाहेर पडलं ते फुगून भिजलेल्या चण्यासारखं झालेलं. त्यानं ते दाजींच्या नाकासमोर धरलं. नवागामात राहणाऱ्या माणसाला मागाचं तेल ओळखायला दुसऱ्यांदा वास घ्यावा लागत नाही. ते आमच्या शर्टांत, उशांत, भाकरीतही असायचं.

दाजी माझ्याकडे वळले. "कोनी टाकं?"

पाना अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला, पट्टा काढला आणि भर रस्त्यात मला असं मारलं, की शेवटी मिस्त्रीच ओरडला, "पुरे! मेला तर माझं काम कोण करील?"

तसंच ठरलं. प्लास्टर निघेपर्यंत मी त्याचा उजवा हात झालो. तो स्टुलावर बसून सांगायचा, मी गाडीखाली पडून करायचो, चुकलो की डाव्या हातानं पाना फेकून मारायचा. तेलाची प्रत्येक बाटली आधी मला हुंगायला लावायचा. चावी दाजींनी पुन्हा दिली नाही, आणि मागायला मला तोंड नव्हतं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मिस्त्रीनं उजव्या हातानं पहिली थोबाडीत मला दिली. ती लागली नाही. दोघांच्याही ते लक्षात आलं. त्यानं मूठ वळून बघितली, ती पुरती वळत नव्हती. मग डाव्या हातानं दुसरी दिली आणि म्हणाला, "उद्या लवकर ये."